पाटावरचा लॅपटॉप

भाविका घरत दिवसभर इस्त्रीच्या टेबलासमोर बसलेली असते, आणि तरी तिच्या घरात एकाही कपड्याला धड इस्त्री नसते. उलव्याच्या त्या छोट्या फ्लॅटमध्ये टेबल ठेवायला जागा होती ती एवढीच, बाल्कनीच्या दाराला चिकटून. मग त्या टेबलावरची इस्त्री कपाटावर गेली आणि लॅपटॉप टेबलावर आला. चुरगळलेल्या शर्टाबद्दल भाविकाचा नवरा प्रितेश सुरुवातीला कुरकुरायचा. पुढे त्यानेच टी-शर्ट घालायला सुरुवात केली.

बेलापूरला एका क्लिअरिंग एजंटचं ऑफिस आहे, तिथलं काम भाविका घरून करते. बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं ती तयार करते. आज कांदा, उद्या फरशा, परवा गोठवलेली कोळंबी. एक आकडा इकडचा तिकडे झाला की कंटेनर बंदरात रुसून बसतो आणि फोनवर माणसं एकमेकांची आईमाई काढतात. भाविकाचा आकडा सहसा चुकत नाही. ती उरणकडची, मिठागरात राबलेल्या बापाची मुलगी. तिच्या घराण्यात बी.कॉम. झालेली पहिलीच. हा लॅपटॉप तिने लग्नाआधी स्वतःच्या पगारातून घेतला होता. लग्नात तांब्यापितळेची भांडी आली, त्यांच्यासोबत तोही सासरी आला. भांडी सगळ्यांनी हातात घेऊन वाजवून पाहिली. लॅपटॉपकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

भाविकाची सासू धोंडूबाई. बाई मनाने वाईट नाही, हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे एक गोष्ट अशी घडणार आहे की कोणाचाही राग यावा. या बाईंचा जन्म खाडीत गेला. गुडघाभर चिखलात उतरून खडकावरची कालवं काढायची, चिंबोऱ्या धरायच्या, पाटी डोक्यावर घेऊन दारोदार विकायची. काम म्हणजे ज्यात पाय भिजतात, पाठ मोडते आणि घरी आल्यावर कोणी पाणी दिलं तर बरं वाटतं, एवढी त्यांची साधी व्याख्या. सून सकाळी केस विंचरून, चहा घेऊन पंख्याखाली बसते आणि बोटं हलवते, हे त्या व्याख्येत कुठेच बसेना. भाविका हेडफोन लावून कस्टमच्या माणसाशी गंभीरपणे बोलत असली की दारातून हाक यायची, "बसलीच हायस तं जरा लसून सोल गो." आणि भाविका सोलायची. तिच्या कीबोर्डला कायमचा लसणाचा वास लागला होता.

भाविकाला कामाचा कंटाळा नव्हता, लसणाचाही नव्हता. तिला सलत होता तो दसरा.

त्या घरात दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. धोंडूबाई पहाटे उठून पाट मांडतात. त्यावर त्यांची कालवं फोडायची कोयती, भाविकाच्या वारलेल्या सासऱ्यांची, म्हणजे बाळारामांची, जाळं विणायची सुई, घरातली विळी आणि प्रितेशच्या डंपरचा पाना. हळदकुंकू, झेंडू, नैवेद्य. एकदा पूजा झाली की संध्याकाळी सोनं लुटेपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. दसऱ्याच्या दिवशी भाजीसुद्धा आदल्या दिवशीची चिरलेली. पाटावर काय बसेल याचा नियम धोंडूबाईंनी कधीच बोलून दाखवला नव्हता, पण तो सगळ्यांना ठाऊक होता. एका वर्षी प्रितेशने हौसेने आपली क्रिकेटची बॅट ठेवली. धोंडूबाईंनी ती उचलून भिंतीला टेकवली आणि विचारलं, "हिच्याव कोन जेवला?" प्रितेश तर नाहीच. त्याची टीमही नसावी.

ज्याच्यावर घर जेवतं ते पाटावर. भाविका लग्न होऊन आल्यापासून दर दसऱ्याला पाटाकडे बघायची, मग टेबलाकडे बघायची आणि गप्प बसायची. सांगता आलं असतं, पण मागून घेतलेला मान तो कसला मान? तिने तो कधी मागितला नाही.

त्यातून यंदाचं वर्ष तसं अवघड गेलं. विमानतळाच्या भरावाचं काम संपत आलं आणि प्रितेशचा डंपर आठवड्यातले बरेच दिवस बिल्डिंगखाली उभा राहू लागला. प्रितेश कळंबोलीला ट्रान्सपोर्टवाल्यांकडे चकरा मारत होता, दिवाळीनंतर काम लागेल असं ते सांगत होते. तोवर घराचा गाडा भाविकाच्या पगारावर चालला होता. घरात याविषयी कोणी बोललं नाही. पुरुषमाणसाला वाईट वाटेल म्हणून भाविका बोलली नाही, आणि धोंडूबाईंना हे कळलंय की नाही, हेच भाविकाला कळत नव्हतं.

अशात ऑफिसच्या उदयसिंह सरांचा ग्रुपवर निरोप आला. जुन्या विंडोजला आता कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट यायचे बंद होणार, तेव्हा ज्यांच्या लॅपटॉपवर नवी विंडोज नसेल त्यांचं लॉगिन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून चालणार नाही. घरून काम करणाऱ्यांनी आपापलं बघून घ्यावं. ज्यांचं होणार नाही त्यांची कामं ऑफिसमधल्या नव्या मुलांकडे जातील. शेवटी हात जोडल्याचं चित्र. असले निरोप पाठवताना लोक हात जोडतात, ते का, देव जाणे.

भाविकाने तपासून पाहिलं तर लॅपटॉप म्हणाला, हे मशीन नव्या विंडोजला चालणार नाही. नेरूळच्या दुकानात नेला, तर दुकानदाराने झाकणही न उघडता "नवीनच घ्या मॅडम" म्हणून ईएमआयचं पत्रक पुढे केलं. नवा घ्यायची ती वेळ नव्हती. भाविका पत्रक पर्समध्ये घालून घरी आली आणि तिने समराला फोन लावला.

समरा तिची ऑफिसातली मैत्रीण, राहायला नेरूळलाच. घर मूळचं पनवेलकडचं, वडील सुलेमानचाचा जहाजावर होते, आणि बिघडलेल्या वस्तूला लगेच मेलेली समजू नये ही त्या घराची शिकवण. समराने सगळं ऐकून घेतलं.

"अगं टेन्शन नको घेऊ यार. मशीन कधीचं आहे ते सांग. हां, मग होतं ते. एकदम काठावर पास आहे बघ. आत एक सिक्युरिटीची चिप असते, ती बंद असेल. मी सांगते तशी चालू कर."

आणि खरंच तसंच निघालं. लॅपटॉप सुरू होताना एक बटण दाबून धरायचं, आतल्या सेटिंगमध्ये जायचं आणि बंद असलेलं चालू करायचं. भाविकाने ते केलं. पुन्हा तपासलं तर तोच लॅपटॉप, तीच भाविका, आणि आता उत्तर: चालेल. तिला इतका आनंद झाला की तिने न सांगताच लसूण सोलायला घेतला.

सगळ्या फाइल्स तिने पेनड्राइव्हवर काढून ठेवल्या. आदल्या दिवसापर्यंत ऑफिसचं काम होतंच, म्हणून अपग्रेड करायला दसऱ्याची सुट्टी धरली. एकच अडचण होती. लॅपटॉपच्या बॅटरीने केव्हाच राम म्हटला होता. चार्जर काढला की तो त्या क्षणी मान टाकायचा. म्हणून तिने सकाळी चार्जरची पिन घट्ट बसवली, अपग्रेड सुरू केलं, पडद्यावर आकडा हळूहळू चढायला लागलेला पाहिला, आणि धोंडूबाईंनी सांगितल्याप्रमाणे झेंडू आणि आंब्याची पानं आणायला खाली उतरली. प्रितेश त्यांच्या छोट्या मुलीला, पायलला, घेऊन डंपर धूत होता. त्याला तिने जाता जाता सांगितलं, लॅपटॉपला हात लावू नका. सासूला काही सांगितलं नाही. इतक्या वर्षांत ज्या बाईने त्या वस्तूला बोटसुद्धा लावलं नव्हतं, तिला काय सांगायचं?

बाजारात गर्दी उसळली होती. झेंडू निवडून, भाव करून भाविका वर आली, चपला काढल्या आणि दारातच थबकली.

इस्त्रीचं टेबल रिकामं होतं.

पाटावर कोयती होती, सुई होती, विळी होती, पाना होता. आणि मधोमध, ओल्या फडक्याने लख्ख पुसलेला, झाकणावर हळदकुंकवाची पाच बोटं ओढलेला तिचा लॅपटॉप होता. चार्जरची वायर छान गुंडाळून त्याच्या उशाशी ठेवली होती.

"आलंस? आन फुला," धोंडूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा खुलला होता. "कवाचा गोल गोल फिरत व्हता तो. मना वाटला, आज तरी त्याला सुट्टी पायजे. वायर काडली, पुसला चांगला. सगले सालभर ह्याच्याव जेवलो, ना त्याला पाटाव जागा नको?"

भाविकाच्या हातातली पिशवी खाली आली. त्या क्षणी तिला काय वाटलं ते तिलाही नीट सांगता येणार नाही. जे ऐकायला ती इतकी वर्षं थांबली होती ते ती ऐकत होती, आणि ज्याच्या जोरावर ते ऐकायला मिळालं, तेच, म्हणजे तिची नोकरी, अर्ध्यात तोडून, ओलं करून पाटावर बसवलेलं होतं. ती फक्त म्हणाली, "आई, हे... बरं केलंत."

तेवढ्यात प्रितेश वर आला. पाट पाहिला आणि ओरडलाच, "आय! ह्यो काय केलास! तिचा काम चालू व्हता त्याच्याव! उद्या नोकरी गेली तं?"

धोंडूबाईंच्या हातातली कुंकवाची कोयरी तशीच राहिली. त्यांनी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मघाचा खुललेला चेहरा उतरला. भाविकाला नोकरीपेक्षा तो चेहरा सोसवेना. तिने प्रितेशला डोळ्यांनी दटावलं आणि फोन घेऊन बाल्कनीत गेली.

"पाण्याने पुसला?" समरा पलीकडून किंचाळली. समराचं तसंच आहे, आधी किंचाळते, मग डोकं चालवते. "बरं ऐक. घाबरू नको. मधेच पॉवर गेली तर बहुतेक वेळा तो आपणहून जुन्या जागी परत जातो. फाइल्स काढल्यास ना? मग झालं. पण लगेच चालू करू नको हां, आधी पूर्ण वाळू दे. कुठे ठेवलाय आता?"

"देवापुढे."

"मग राहू दे तिथेच. तिथे कोण हात लावणार नाही."

म्हणून लॅपटॉप देवापुढे वाळला. पूजा झाली, आरती झाली. उदबत्तीचा धूर लॅपटॉपच्या पंख्याच्या जाळीत जाऊ नये म्हणून भाविका हळूच एक एक उदबत्ती कोयतीच्या बाजूला सरकवत राहिली. श्रीखंडपुरीचा नैवेद्य दाखवून झाला. सगळे जेवले. लॅपटॉप आता वाळला असेल, पण संध्याकाळपर्यंत पाटावरचं हलवायचं नाही. संध्याकाळी सुरू केलं तर सकाळपर्यंत होईल याची खात्री नव्हती. त्या मशीनचा वेग बैलगाडीचा. आणि बिघडलं असेल तर ते कळायलाही वेळ हवा होता.

भाविका ताट घेऊन उठली, परत बसली. शेवटी सासूच्या समोर जाऊन बसली आणि जे इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं ते सांगितलं. हे काम कसलं आहे, त्यातून काय येतं, उद्या सकाळी काय होणार आहे, आणि आज या पाटावरून तो उचलला नाही तर काय होईल.

"तुम्ही नको म्हणालात तर मी हात लावणार नाही," ती म्हणाली. आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं. तिला वाटत होतं, नोकरी दुसरी मिळेल कदाचित. ही पाटावरची जागा दुसरी मिळायची नाही.

धोंडूबाईंनी पाटाकडे पाहिलं. मग कोयतीच्या मुठीवर हात ठेवून म्हणाल्या, "ही आज बसली तं चालंल गो. हिला जायाला खाडी कुटं उरली हाय? सगला भराव झाला. ही बसूनच हाय. पन ह्याला बसवून नाय चालनार."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, डब्यातून चिमूटभर तांदूळ घेतले, त्यांना कुंकू लावलं. उत्तरपूजेला देवावर अक्षता टाकतात आणि देव जरासा हलवतात, म्हणजे मग उचलायला मोकळा. धोंडूबाईंनी हात पुढे नेला, लॅपटॉपवर धरला, आणि थांबल्या.

"ह्याच्याव टाकू का? आत गेलं तं?"

"चार्जरवर टाका, आई."

मग अक्षता चार्जरवर पडल्या. धोंडूबाईंनी लॅपटॉप दोन्ही हातांनी बोटभर पुढे सरकवला, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "हालला. आता ने."

भाविकाने तो टेबलावर नेला, पिन बसवली, बटण दाबलं. पडदा काळा. काळाच राहिला. प्रितेश पाठीमागे उभा राहून नखं खात होता. मग बारीक पांढरे ठिपके गोल फिरायला लागले, आणि किती वेळ फिरले! शेवटी जुना, ओळखीचा पडदा समोर आला. समराचं खरं ठरलं होतं. सगळं जिथून सुरू झालं होतं तिथेच परत आलं होतं, एक अक्षर इकडेतिकडे नव्हतं. भाविकाने देवाला हात जोडले, समराला निरोप पाठवला आणि अपग्रेड पहिल्यापासून सुरू केलं.

या वेळी धोंडूबाईंनी चटई आणली आणि प्लगाच्या बरोबर खाली भिंतीला पाठ लावून बसल्या. पायल चेंडू घेऊन आली तर तिला हाकललं. प्रितेशला मोबाईल चार्ज करायचा होता, त्याला "शेजारी जा" म्हणून सांगितलं. मधून मधून विचारायच्या, "कवरा झाला?" भाविका आकडा सांगायची. आकडा अडला की त्या म्हणायच्या, "व्हईल. ओहोटी लागायच्या आदी पानी असाच थांबतं." लॅपटॉप मधेच स्वतःहून बंद होऊन चालू झाला तेव्हा त्यांनी घाबरून दोन्ही हात वर केले, "मी नाय लावला हात!" आणि भाविका दिवसात पहिल्यांदा मोकळेपणी हसली.

ऊन कललं तशी शेजारची नमिता आपट्याची पानं घेऊन दारात आली. दरवर्षी ती आणि धोंडूबाई मिळून गावात सोनं द्यायला जायच्या, खाडीकाठच्या जुन्या घरांकडे. धोंडूबाईंना भिंतीशी जमिनीवर बसलेलं पाहून ती गोंधळली.

"मावशी, बरं नाही का? चला ना, उशीर होतोय."

"बरी हाय गो," धोंडूबाई तिथूनच म्हणाल्या. "पन उठता येयाचा नाय. माजी सून कामाव हाय."

भाविका पडद्याकडे बघत होती, पण पडद्यावरचा आकडा तिला काही क्षण दिसेनासा झाला. तिने ओढणीने डोळे पुसले. नमिता बिचारी पाच मिनिटं थांबली, मग अर्धा तास थांबली, मग तिनेही बूड टेकलं आणि चहा घेतला.

दिवेलागणीच्या सुमारास नवा पडदा उघडला. निळसर, गुळगुळीत, खालची बटणं डावीकडून मधे आलेली. भाविकाने ऑफिसचं पान उघडलं, नाव टाकलं, पासवर्ड टाकला. आत गेली. कांदा, फरशा, कोळंबी सगळं जागच्या जागी होतं. तिने उदयसिंह सरांना कळवलं, आणि सरांचा उलटा निरोप आला: उद्या नऊ वाजता. पुन्हा हात जोडलेले.

"झाला?" धोंडूबाईंनी विचारलं.

"झालं, आई."

"मंग दे हात. पाय मेले जड झाले."

भाविकाने त्यांना उठवलं. मग सगळेच गावात निघाले, भाविकासुद्धा. एरवी ती पायलचं कारण काढून मागे राहायची. गावात दारोदार दिवे होते, म्हाताऱ्या ओट्यांवर बसल्या होत्या. धोंडूबाई पहिल्या ओट्यापाशी थांबल्या, पानं हातात दिली आणि उशीर का झाला हे कोणी विचारायच्या आत म्हणाल्या, "आज माजे सुनंचा हत्यार नवा केला."

"कंचा हत्यार?" ओट्यावरच्या बाईने विचारलं.

धोंडूबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांना ते सांगता येईना. मग त्यांनी मागे हात केला, भाविकाच्या दंडाला धरून तिला पुढे आणलं आणि म्हणाल्या, "तिला इचारा. तिचा काम हाय, तीच सांगंल."

ओट्यावरच्या बाईने सरकून जागा केली. भाविका ओढणी सावरून बसली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.